चालता चालता बंद पडणारा डिझेल ट्रक: पारदर्शक नळी, व्हॅक्यूम गेज आणि २४ व्होल्टचा अडॅप्टर, आठ महिन्यांच्या वापरानंतर

तिन्हींपैकी एकच घेणं परवडत असेल तर नळी घ्या. अडॅप्टर, म्हणजे मोबाइलच्या ॲपवर चालणारा स्कॅनर, शेवटी.

कॉमन रेलची गाडी (सगळ्या इंजेक्टरांना ‘रेल’ नावाच्या एकाच पाइपातून जास्त दाबाचं डिझेल मिळतं ती) लोडवर बंद पडते, दहा मिनिटं उभी राहते आणि काही झालंच नाही अशी चालू होते. स्कॅनर लावला की पुष्कळदा पी००८७ येतो, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. जड गाड्यांत तीच तक्रार एसपीएन १५७ या आकड्याने दिसते. कोड खोटा नसतो, पण तो परिणाम सांगतो, कारण नाही. तेवढ्यावर हाय प्रेशर पंप उतरवणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक, कारण दोष अनेकदा टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) एवढ्याच अंतरात, एखाद्या वायसरमध्ये असतो.

हत्यार काढण्याआधी ड्रायव्हरला एक प्रश्न विचारा: किल्ली फिरवल्यासारखी फटकन बंद पडली, की आधी दम तोडला? ओढ कमी झाली, आचके दिले आणि मग बंद पडली तर डिझेल. फटकन गेली तर वायरिंग किंवा सेन्सर. दुसरी खूण आरपीएमच्या काट्याची. गाडी गिअरमध्ये असताना चाकं इंजिन फिरवतच असतात. तरीही काटा थेट शून्यावर पडला तर क्रँक सेन्सर (इंजिनाचा वेग मोजणारा) किंवा त्याचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, आधी बघा. काटा चाकांबरोबर हळूहळू उतरला तर सेन्सर शाबूत आहे.

आता नळी. लाईनच्या मापाची, फूटभर लांब, वॉटर सेपरेटर आणि फीड पंपाच्या मध्ये बसवायची. मागे टॉर्च धरा. फिल्टर नुकता बदलला असेल तर पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच, त्यावर निकाल देऊ नका. इंजिन गरम झाल्यावरही मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ थांबत नसेल तर लाईन हवा ओढतेय. मग नळी एकेक जोड टाकीकडे सरकवा. जिथे बुडबुडे थांबले, त्या जागेच्या आणि आधीच्या जागेच्या मध्ये दोष. नेहमीचे संशयित: सेपरेटरच्या वाटीची ओ-रिंग, हातपंप, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वायसर, चॅसिसला घासून झिजलेला पाइप. सक्शन बाजूला इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठेच ओलं नाही’ हा पुरावा धरू नका. टाकी अर्ध्याखाली गेल्यावर किंवा चढावरच बंद पडणारी गाडी असेल तर टाकीतला सक्शन पाइप वरच्या बाजूला तडकलाय का, ते उतरवून बघा.

नळीला अडथळा दिसत नाही, तिथे लाईनमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज लागतो. आणि गेजला हवा कळत नाही. हे नीट समजून घेतलं नाही तर दोन्ही साधनं फसवतात: लाईन हवा घेत असेल तर व्हॅक्यूम उलट कमी दिसतो आणि माणूस ‘सक्शन ओके’ म्हणून पुढे जातो. आयडलवर डिझेलचा ओघ कमी असतो, म्हणून रीडिंग आरपीएम चढवून घ्या. फिल्टर नवा असताना साधारण ४ ते ६ इंच पाऱ्याच्या आत काटा राहिला तर बरं, ८ ते १० च्या वर गेला तर अडथळा. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा मात्र अंतिम. फिल्टरच्या आधी कमी आणि नंतर जास्त असेल तर फिल्टर चोंदलाय. आधीच जास्त असेल तर टाकीची जाळी किंवा पाइप. बंद पडून दहा मिनिटांनी आपोआप सुरू होण्यामागे बऱ्याचदा ही जाळीच असते: ओघ असेतो कचरा तिला चिकटून राहतो, ओघ थांबला की खाली बसतो. काटा अर्ध्या तासात हळूहळू चढत गेला तर टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज येऊन काटा उतरला, तर झाकणाचा व्हेंट (हवा आत येण्याचं भोक) बंद आहे.

कसारा घाटासारख्या चढावर लोडने जाताना बंद पडणारी गाडी यार्डात कधीच सापडत नाही. तिच्यासाठी अडॅप्टर. ॲपमध्ये वीस गोष्टी लावल्या तर रीडिंग इतकं संथ येतं की नेमका क्षण हुकतो. आरपीएम, रेलचा दाब आणि व्होल्टेज, बस. दाब आधी कोसळून मग आरपीएम गेला तर डिझेल. दाब जागेवर असताना आरपीएम शून्य झाला तर सेन्सर. अडॅप्टरचा दिवा चालू पण ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) उत्तरच देत नसेल तर मेन रिले, फ्यूज आणि अर्थिंग तपासा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ईसीयूच्या अर्थपर्यंत, इंजिन चालू असताना, ०.२ व्होल्टच्या वर ड्रॉप आला तर लग (वायरीच्या टोकाची रिंग) उघडून घासा. दोन वायरींचा क्रँक सेन्सर गरम असताना ओहममध्ये मोजा, ओपन (आतून तुटलेला) दाखवला तर बदला. तीन वायरींच्या हॉल सेन्सरला ओहम लावू नका. जुन्या पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) वायर हलवून बघितली तरी निम्मं काम होतं.

तक्रारीही आहेत. सेटसोबत आलेली साधी पीव्हीसीची नळी डिझेलने दोन महिन्यांत लाकडासारखी कडक झाली आणि जोडावर स्वतःच हवा घेऊ लागली. पॉलियुरेथेनची घ्या. गेजचा काटा थरथरतो, टी-जोडात बारीक भोकाचा जेट टाकला की स्थिर होतो. अडॅप्टर २४ व्होल्टला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच लावा, कारमधला स्वस्त अडॅप्टर जळू शकतो. जे१९३९ (जड गाड्यांच्या कॉम्प्युटरची भाषा) समजतो का तेही विचारा, नाहीतर बऱ्याच ट्रकशी तो बोलतच नाही. रात्री काढून ठेवा.

एक इशारा जीवाचा आहे. ही नळी आणि हा गेज फक्त फीड पंपाच्या आधी. हाय प्रेशर पंपापुढच्या रेलच्या पाइपात लोडवर हजार बारच्या वर दाब असतो. चालू इंजिनावर तिथला नट सैल करू नका, गळती बोटाने चाचपू नका. डिझेल कातडीतून आत घुसतं, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि हात गमावायची वेळ येते. असं झालं तर दुखण्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल. रोड टेस्टला नळी टर्बो आणि बेल्टपासून लांब बांधा, शेजारी दुसरा माणूस घ्या, आणि बंद पडल्यावर स्टीअरिंग जड होतं हे त्याला आधी सांगा. ब्रेक सारखे पंप करू नका, ब्रेकच्या हवेच्या टाकीत उरलेली हवा तेवढीच असते.