वाय-फाय चॅनलची पाहणी: मोबाइल ॲप, लॅपटॉप की स्पेक्ट्रम ॲनालायझर?

आसपासची वाय-फाय नेटवर्क कोणत्या चॅनलवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या कोणत्या क्रमांकित भागावर, चालतात हे पाहण्यासाठी प्रामुख्याने तीन साधने उपलब्ध आहेत: मोबाइलवरील ॲनालायझर ॲप, लॅपटॉप आणि स्वतंत्र स्पेक्ट्रम ॲनालायझर. ही तिन्ही साधने वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. त्यामुळे एकाचे काम दुसऱ्यावर सोपवले, तर आकडे बरोबर येऊनही निर्णय चुकू शकतो.

मोबाइल ॲप प्रत्येक राउटरचे बीकन, म्हणजे आपले अस्तित्व कळवणारा छोटा संदेश, ऐकते आणि त्यावरून नाव, चॅनल व सिग्नलची पातळी दाखवते. बीकन साधारणपणे दर 102.4 मिलिसेकंदांनी जात असल्याने कोणीही वापरत नसलेले नेटवर्कही यादीत ठळक दिसते. उलट, रात्रभर व्हिडिओ वाहून नेणारे नेटवर्कही तेवढेच दिसते. सिग्नल कोणत्या खोलीत किती पोहोचतो हे पाहण्यासाठी मात्र ॲप उत्तम आहे, कारण ते हातात घेऊन फिरता येते. फक्त सर्व नोंदी एकाच फोनवर घ्याव्यात. दोन फोनचे आकडे जुळतीलच असे नाही. अँड्रॉइड 9पासून स्कॅनवर मर्यादा आली असून समोर उघडे असलेले ॲपही दोन मिनिटांत चारच स्कॅन करू शकते, म्हणून प्रत्येक जागी थोडे थांबूनच आकडा टिपावा. आयफोनवर इतर कंपन्यांच्या ॲपना अशी यादी मिळत नाही. तेथे ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटीमधील स्कॅनर सेटिंग्जमधून सुरू करावा लागतो.

चॅनल प्रत्यक्षात किती वेळ व्यापलेला असतो, हा खरा प्रश्न असेल तर लॅपटॉपकडे वळावे. लिनक्सवर आयडब्ल्यू (iw) या साधनाची सर्व्हे नोंद घेतली की रेडिओ एखाद्या चॅनलवर किती मिलिसेकंद होता आणि त्यांपैकी किती काळ चॅनल व्यस्त होता, हे दोन आकडे मिळतात. काही अंतराने दोनदा नोंद घेऊन वजाबाकी करावी: सक्रिय काळ 10,000 ने आणि व्यस्त काळ 6,500 ने वाढला असेल, तर तो चॅनल 65 टक्के भरलेला होता. व्यस्त काळात आपल्याच लॅपटॉपची देवाणघेवाणही मोजली जाते, म्हणून मोजणी चालू असताना डाउनलोड बंद ठेवावे. वाय-फाय कार्ड चालवणारे सगळेच ड्रायव्हर सॉफ्टवेअर हे आकडे पुरवत नाही, ही या मार्गाची मोठी अडचण आहे.

या मोजणीचे महत्त्व 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात सर्वाधिक जाणवते. तेथे शेजारच्या दोन चॅनलमध्ये 5 मेगाहर्ट्झचेच अंतर असते, पण नेटवर्क किमान 20 मेगाहर्ट्झ व्यापते. म्हणून 1, 6 आणि 11 हेच चॅनल एकमेकांत न मिसळता वापरता येतात. यादीत 3 रिकामा दिसला म्हणून तो निवडणे हा मला सर्वांत घातक सल्ला वाटतो. एकाच चॅनलवरील उपकरणे एकमेकांच्या फ्रेम (वाय-फायवरून जाणारे माहितीचे तुकडे) ओळखून आळीपाळीने बोलतात. 3 वरील उपकरणाला मात्र 1 आणि 6 या दोन्हींकडचे प्रसारण बहुतांशी निव्वळ गोंगाट म्हणून सोसावे लागते. अशा वेळी कमी व्यस्त असलेला 1, 6 किंवा 11 शेजाऱ्यासोबत वाटून घेणेच श्रेयस्कर.

वरील दोन्ही साधने मुळात वाय-फायचीच फ्रेम वाचतात. याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, झिगबी (स्मार्ट दिवे-सेन्सर जोडणारी पद्धत) आणि वायरलेस कॅमेरेही असतात. व्यस्त काळाच्या आकड्यात त्यांचा अंश आला तरी तो कोणाचा हे कळत नाही. स्पेक्ट्रम ॲनालायझर मात्र फ्रेम न वाचता नुसती ऊर्जा मोजतो, त्यामुळे ओव्हन चालू होताच उमटणारा रुंद पट्टा त्यात स्पष्ट दिसतो. घरासाठी तो विकत घेणे मला अनाठायी वाटते. यादी विरळ असूनही ठरावीक वेळी जोडणी कोलमडत असेल, किंवा रुग्णालय अथवा गोदामासारख्या मोठ्या जागेची आखणी करायची असेल, तरच तो खर्च करावा.

5 गिगाहर्ट्झमध्ये कोणत्याही साधनाने 52 ते 144 हे चॅनल रिकामे दाखवले, तर त्यामागे अनेकदा रडारचा नियम असतो. बहुतेक देशांत या चॅनलवर प्रसारण सुरू करण्यापूर्वी राउटरला किमान 60 सेकंद कानोसा घ्यावा लागतो आणि रडार आढळल्यास चॅनल तत्काळ सोडावा लागतो. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल, तर अशा मोकळ्या चॅनलऐवजी थोडा गजबजलेला 36 ते 48 हा गट निवडावा.