‘ई-झिरो’ प्लायच्या नावाखाली २,७७,६८५ रुपये गेले

पुण्यात घराचं इंटिरिअर करून घेत असाल आणि कुणी ‘इको-फ्रेंडली मटेरियल’चं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. मला एका इंटिरिअर सल्लागाराने दिलेलं बिल असं: १९ एमएम प्लायचे ३६ शीट, १४८ रुपये स्क्वेअर फूट, जीएसटी धरून २,०१,१८५ रुपये. वॉटर-बेस्ड पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे, म्हणजे पाण्यात कालवलेल्या पॉलिशचे, ६४,५००. वर ‘ग्रीन सर्टिफिकेशन चार्ज’ १२,०००. त्या बारा हजारांत एक रंगीत कागद हातात पडला, तोही खोटा.

माझ्या आईला दमा आहे. तिच्या खोलीत कमीत कमी फॉर्मल्डिहाइड (प्लायच्या गोंदातून सुटणारा घातक वायू) सोडणारं, म्हणजेच ई-झिरोचं प्लाय हवं, एवढीच माझी अट होती. बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजले ते त्यासाठी. त्यामुळे ‘स्वस्ताला भुललात’ असं मला कुणी म्हणू नये. मी कागद मागितले, शीटवरचा आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहिला, बिल घेतलं. सामान्य माणसाने आणखी काय करायचं?

एक क्षण मात्र डोक्यातून जात नाही. पॉलिशचं काम चालू असताना मी खोलीत गेले तर थिनरचा भपकारा. कोपऱ्यात थिनरचा कॅन, त्यात ब्रश बुडवलेला. पाण्यावरच्या पॉलिशचे ब्रश पाण्याने धुतात. मी तिथल्या तिथे विचारलं, थिनर कशाला? तो सल्लागार शांतपणे म्हणाला, “ताई, टू-के म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या पीयूमध्ये हार्डनर असतो, त्याचा वास आहे. कॅन जुन्या साइटचा आहे.” वॉटर-बेस्ड पीयूमध्येही हार्डनर असतो, हे खरं आहे. अर्धं खरं सांगूनच त्याने मला गप्प केलं. तेव्हाच काम थांबवून डबा बघायला मागितला असता तर निदान पॉलिशचे पैसे वाचले असते. पॉलिशचे डबे सीलबंद अवस्थेत स्वतः बघा, फोटो काढा, तुमच्यासमोरच उघडायला लावा.

कपाटं लागली आणि दार उघडलं की डोळे चुरचुरायला लागले. आईची धाप वाढली. डॉक्टरांनी तिला त्या खोलीत झोपायला मनाई केली. मग मी उरलेला तुकडा पातेल्यात उकळत ठेवला. ७१० चं प्लाय ७२ तास उकळूनही सुटता कामा नये. याचे थर दुपारपर्यंत पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. आतला गोंद फिकट पांढरट होता. ७१० ला फिनॉलचा गोंद लागतो, तो गडद तपकिरी दिसतो. हा युरियाचा गोंद, साध्या कमर्शियल प्लायचा. उष्णतेत आणि दमट हवेत तो जास्त वायू सोडतो, आणि पावसाळा तर पुढे आहेच.

त्या रंगीत सर्टिफिकेटवरचा एफएससीचा (जंगलांना आणि लाकडाला प्रमाणपत्र देणारी संस्था) क्रमांक त्यांच्या साइटवर टाकला, तर तिथे एक पुठ्ठ्याची कंपनी निघाली. आणि लक्षात ठेवा, एफएससी फक्त लाकूड कुठल्या जंगलातून आलं ते सांगतं, गोंदाबद्दल काहीच सांगत नाही. ‘एफएससी आहे म्हणजे ई-झिरो आहे’ असं सांगणारा माणूस खोटं बोलतोय. शिक्क्यावरचा लायसन्स नंबर भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा, बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साइटवर. माझ्या बिलावरचा नंबर रद्द झालेला होता.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. खोटं सर्टिफिकेट, खोटा शिक्का, रद्द झालेल्या नंबरावर घेतलेला ३०,६८९ रुपयांचा जीएसटी, आणि हा दिवाणी मामला! एका सरकारी कार्यालयात लॅबचा रिपोर्ट मागितला. लॅबने सांगितलं, नमुना तुम्ही स्वतः आणलात तर तो ग्राह्य धरतील याची हमी नाही. हेल्पलाइनवर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळाला आणि ‘समोरच्या पक्षाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तक्रार बंद झाली. फसवणारा उत्तर देत नाही म्हणून तक्रार बंद! ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांची प्रत मी टेबलावर ठेवली तर साहेब म्हणाले, “नव्या फर्निचरला वास येतोच हो मॅडम.” हा वास म्हणजे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसाला कर्करोग करणारा ठरवलेला वायू आहे. माझी आई हॉलमध्ये दिवाणावर झोपते आहे.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला, म्हणजे तुम्ही मोजलेल्या पैशांना, फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. गरज पडली तर आयोग स्वतः नमुना सील करून लॅबला पाठवू शकतो, हे मला कुठल्याही टेबलावर कुणी सांगितलं नाही. म्हणून सुताराला प्लायचे उरलेले तुकडे भंगारात देऊ देऊ नका. शिक्का असलेला एक तुकडा तारीख टाकून जपून ठेवा, आणि पैसे रोख देऊ नका.