बोलणारं खेळणं की पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक?

पुतणी आठ महिन्यांची झाली. वहिनी अडकलीय: बटण दाबलं की ‘अ अननसाचा’ म्हणणारं खेळणं घ्यावं, की जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक?

खर्चात पुस्तक सरळ स्वस्त. खेळणं त्याच्या काही पट, वर सेल वेगळे. सेलचं झाकण स्क्रूनंच बंद होणारं हवं; बटणाएवढा सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते.

टिकण्यात मात्र खेळण्याची सरशी. पुस्तकाचे कोपरे चघळले जातात, लाळेनं पुठ्ठ्याचे थर सुटतात.

आता मुद्द्याचं, म्हणजे बोलणं. 2016 साली अमेरिकेतला, 10 ते 16 महिन्यांच्या बाळांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. आवाज करणारी खेळणी समोर असताना आईबाबाच कमी बोलले. पुस्तक असताना जास्त. नवल नाही. कावळ्यावर बोट ठेवून बाळ ‘का’ म्हणालं की आपण म्हणतो, ‘हो गं, काऊ! सकाळी खिडकीत आलेला ना?’ आणि थांबतो. ती पुन्हा काहीतरी म्हणते. खेळणं थांबत नाही. बाळ काहीही म्हणो, त्याचं अननसच. खोक्यावर ‘बुद्धी वाढवतं’ छापलंय, ते सोडून द्या.

मेहनत? पुस्तकाला कुणाची तरी मांडी लागते.

त्यामुळे संध्याकाळी आजी-आजोबा किंवा कुणीही दहा मिनिटं बसणारं असेल तर पुस्तकच. कुकर लावेपर्यंत बाळाला गुंतवायचं असेल तर खेळणं चालेल, पण करमणूक म्हणून. तेवढ्यासाठी वाटी-चमचाही पुरतो.