अकरा महिने स्ट्रीमिंग ॲप: नवं संगीत सापडतं, पण साथीदारांची नावं कुठे गेली?

वर्षाचा प्लॅन संपत आल्याची सूचना आली आणि त्याच आठवड्यात ॲपचं अपडेट आलं. गाण्याच्या पानावर दिसणारी साथीदारांची आणि संगीतकाराची नावं त्या अपडेटने तीन ठिपक्यांच्या मेन्यूत, पार तळाला ढकलली. हा अनुभव लिहायला तेच निमित्त. ऑफलाइन डाउनलोड, घरात किती जणांना चालतं वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे. मला एवढंच बघायचं होतं की ख्याल, ठुमरी, नाट्यपद यांत मुरलेला कान पुढे न्यायला या ॲपची मदत होते का.

पहिल्या तीन महिन्यांनंतर विचारलं असतं तर उत्तर सरळ ‘नाही’ असतं. मालकंस संपला की ऑटोप्लेवर ध्यानधारणेची बासरी, मग पावसाचा आवाज, मग झोपेचं संगीत. यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एकाच माणसाच्या ऐकण्यात कोणत्या दोन गोष्टी जोडीने येतात, यावर अशा शिफारशी बऱ्याच अंशी उभ्या असतात. शास्त्रीय संगीत झोपताना किंवा योगासनांना लावणारे खूप आहेत, म्हणून मालकंसाचा शेजार उशीशी जुळतो. राग, घराणं, लय यांचा त्या हिशेबात पत्ताच नसतो.

चौथ्या महिन्यात मात्र मत बदलावं लागलं, कारण निम्मा दोष खात्याचा निघाला. दिवाणखान्यातल्या स्पीकरवर बालगीतं, व्यायामाची गाणी आणि अभंग सगळं एकाच खात्यावरून वाजत होतं. उपाय साधे आहेत. स्पीकरला वेगळं प्रोफाइल द्या. पाहुण्यांसाठी गाणी लावताना इतिहास नोंदवणं बंद ठेवा. ऑटोप्ले कायमचं बंद करा. नको ते गाणं लागलं तर लगेच पुढे सरका, कारण 30 सेकंद ऐकलं की ते ‘ऐकलं’ म्हणून धरण्याची पद्धत या धंद्यात रुळलेली आहे. आणि ‘रेडिओ’ (एका गाण्यावरून किंवा नावावरून ॲपने आपोआप लावलेली मालिका) सुरू करताना कलाकाराच्या नावावरून करू नका, एखाद्या कमी ऐकल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रणावरून करा. प्रसिद्ध नावावरून सुरुवात केली की तीच दहा प्रसिद्ध नावं फिरून येतात. एवढं पाळल्यावर तीनेक आठवड्यांत साप्ताहिक यादीत पश्चिम आफ्रिकेचा कोरा आणि अरबी ऊद ही तंतुवाद्यं दिसू लागली. म्हणजे यंत्रणा अगदीच टाकाऊ नाही.

पण कान रुंदावण्याचा सगळ्यात भरवशाचा रस्ता शिफारशींचा नाहीच, तो नावांचा आहे. एलपीच्या पाठीवर तबला कोण, हार्मोनियम कोण, सारंगी कोण हे छापलेलं असायचं. त्या एका ओळीवरून माणूस पुढची तबकडी शोधायचा. या ॲपने नेमकी तीच ओळ झाकली आहे.

एकच अल्बम घ्या. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचा 1993 चा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. ॲपवर ठळक नावं दोनच. प्रत्यक्षात वाजवणारे चौघं आहेत: मोहनवीणेवर (गिटारपासून घडवलेलं वाद्य) भट्ट, गिटारवर कूडर, तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी आणि दुंबेक या अरबी तालवाद्यावर वाकिम कूडर. आता यातला एकेक धागा ओढा. कूडरच्या नावावरून 1994 चा ‘टॉकिंग टिंबक्टू’ मिळतो, त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे अली फार्का तुरे. तुरेंवरून 2005 चा ‘इन द हार्ट ऑफ द मून’, तिथे 21 तारांचा कोरा वाजवणारे तुमानी द्याबाते. ‘टॉकिंग टिंबक्टू’ काढणारी वर्ल्ड सर्किट ही कंपनी धरली की 1997 चा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ येतो. मुळात हवानात मालीचे आणि क्यूबाचे वादक एकत्र बसायचे होते. मालीचे पोहोचू शकले नाहीत आणि क्यूबाच्या जुन्या गायक-वादकांचा हा अल्बम झाला. राहून गेलेला तो बेत ‘आफ्रोक्यूबिझम’ या नावाने 2010 मध्ये पुरा झाला. भट्टांचा अल्बम काढणाऱ्या वॉटर लिली कंपनीचा माग घेतला तर पॅलेस्टिनी ऊदवादक सायमन शाहीन यांच्याबरोबरचा ‘सल्तनाह’ लागतो आणि तिथून अरबी मकामांचं, म्हणजे तिकडच्या रागांसारख्या स्वररचनांचं, दार उघडतं.

जयपूरच्या वादकापासून मालीची राजधानी बामाको, क्यूबाची हवाना आणि अरबी ऊदपर्यंतची ही वाट फक्त नावांवर चालली. कोरा पहिल्यांदा ऐकताना एक करून बघा: अंगठे खर्जाचा ठेका आणि स्वरांची वीण धरून असतात, तर्जनी वरच्या तारांवर झरझर उतरतात. एका वेळी एकाकडेच लक्ष द्या, आधी अंगठ्यांकडे, मग तर्जनींकडे. दोन्ही एकदम ऐकायला गेलं तर पहिल्यांदा नुसता गलबला वाटतो.

नावं झाकल्यावर मार्ग काय? डिस्कॉग्स किंवा म्युझिकब्रेन्झ या साइटवर अल्बमचं नाव टाकायचं, वादक आणि कंपनी टिपायची आणि मग ॲपमध्ये शोधायचं. दोन्ही फुकट आहेत. पण पैसे मोजलेल्या ॲपसाठी ही उठाठेव गिऱ्हाइकाने का करावी? तक्रारीला ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असं छापील उत्तर आलं, त्यापुढे काही नाही.

रागाचं नाव टाकून शोधणंही असंच अडखळतं. रोमनमध्ये बागेश्रीचा शेवट कुणी आयने करतो, कुणी दोन ईंनी, कुणी मधला एचच गाळतो. प्रत्येक स्पेलिंगला यादी वेगळी. तिन्ही टाकून बघितल्याशिवाय जुनी ध्वनिमुद्रणं हाती लागत नाहीत.

कर्नाटक संगीताकडे वळायचं असेल तर ओळखीच्या स्वरांवरून जा. भूपसाठी मोहनम्, मालकंसासाठी हिंदोळम्, दुर्गासाठी शुद्ध सावेरी. हिंदोळम् आणि आपला हिंडोल मात्र एक नव्हेत. सर्वांत सोपा पूल हंसध्वनीचा. हा राग तिकडूनच आला आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी तो इकडे रुजवला. दीक्षितारांची ‘वातापि गणपतिं’ ही हंसध्वनीतली कृती (कर्नाटक संगीतातली बांधलेली रचना) आधी एम. एस. सुब्बुलक्ष्मींची ऐका, मग एम. डी. रामनाथन यांची, त्यांच्या गाण्याची लय संथ. कृती तीच ठेवून गायक बदलला की गमक, म्हणजे स्वराला दिलेला हेलकावा, कुठे येते ते कळू लागतं. रागम्-तानम्-पल्लवी या लांबलचक विस्ताराच्या प्रकाराने सुरुवात करू नका. तासाभराच्या पल्लवीत नवखा कान थकतो, आठ-दहा मिनिटांच्या कृतीत टिकतो.

सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवण्याची सोय) शून्यावर आणा, नाहीतर विलंबिताच्या शेवटावर द्रुताचा मुखडा चढतो. शफल बंद. आवाज समान करण्याची सोय ‘मोठा’वर असेल तर आलापातला लहान-मोठा आवाज सपाट होतो, ती बंदच बरी. आवाजाचा दर्जा 320 केबीपीएस ठेवला तर तासाला सुमारे 144 एमबी डेटा जातो, 96 वर 43. तंबोऱ्याची आस ऐकायची असेल तर 320 ठेवा आणि वायफायवर उतरवून घ्या.

वर्षाचे पैसे एकदम भरणार नाही. एक-एक महिन्याचा प्लॅन घ्यायचा, तीस-चाळीस अल्बम ऐकून याद्या करायच्या आणि दोन महिने थांबायचं. त्या दोन महिन्यांत आकाशवाणीच्या ॲपवरची ‘रागम’ वाहिनी फुकट आहे. तिथे निवड आपली नसते, म्हणून न निवडलेले कलाकार कानावर येतात, आणि निवेदक राग, गायक आणि बहुतेक वेळा साथीदारही नावानिशी सांगतात. वाचलेल्या पैशांत बँडकॅम्प या साइटवर एखादा अल्बम फ्लॅकमध्ये (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) विकत घ्यावा. त्याच्या पानावर वादकांची नावं बहुधा लिहिलेली असतात.