खोली न बघताच डिपॉझिट भरलं

हे लिहायला मला चार महिने लागले. लोक म्हणतील, शिकलेली मुलगी आणि एवढी अक्कल नाही? म्हणू देत.

होस्टेलच्या यादीत नाव लागलं नव्हतं आणि वर्ग सुरू व्हायला ८ दिवस उरले होते. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका खोलीची जाहिरात दिसली. कॉलेजपासून चालत जाण्याइतकी जवळ, भाडं आसपासच्या खोल्यांपेक्षा थोडंच कमी. हे 'थोडंच' महत्त्वाचं. अर्ध्या भाड्यात कोणी देऊ केली असती तर मलाही संशय आला असता.

फोनवर एक बाई होत्या, बोलणं अगदी घरच्यासारखं. नवऱ्याची बदली झालेली, त्यामुळे त्या दुसऱ्या शहरात, किल्ली शेजाऱ्यांकडे. मी म्हटलं, "काकू, बघून ठरवते." त्या जराही चिडल्या नाहीत. "बघ ना बाळा. शेजाऱ्यांना दाखवायला फक्त तुझं ओळखपत्र पाठव," म्हणाल्या, आणि माझ्या आधी स्वतःचंच ओळखपत्र पाठवून मोकळ्या झाल्या. फोटो, नाव, पत्ता, सगळं स्पष्ट. मी फसले ती तिथे, पैसे नंतर गेले. समोरच्यानं आपली कागदपत्रं उघडी केल्यावर आपण हात आखडता घेणं उद्धटपणाचं वाटतं. मी ओळखपत्र पाठवलं, कॉलेजचं कार्ड पाठवलं, वर ते हातात धरून काढलेला सेल्फीही.

रात्री फोन आला, दुसरी मुलगी आत्ता पैसे भरतेय. मी डिपॉझिट भरलं. मग कराराचे पैसे. मग "तुझे चुकून जास्त आले गं, परत करते, लिंक उघडून पिन टाक." पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. माहीत असूनही टाकला.

सकाळी नंबर बंद. पत्त्यावर गेले तर इमारत खरी, खोलीही खरी, फक्त तिथे एक कुटुंब कित्येक वर्षांपासून राहत होतं.

यापुढची चूक त्याहून मोठी. लाजेपोटी मी सगळं चॅट पुसून टाकलं आणि ३ दिवस कोणाला काही बोलले नाही. बँकेतल्या बाईंनी "कधी पाठवलेत?" विचारलं आणि उत्तर ऐकून लिहायचं थांबल्या. असे पैसे आधी एका कोणाच्या तरी खात्यात जातात, तिथून तुकडे होऊन पुढच्या खात्यांत, मग काढले जातात. पहिल्या काही तासांत कळवलं तर वाटेत जे सापडेल ते गोठवता येतं. माझे नावापुरते सापडले. ते पहिलं खातं माझ्यासारख्याच एका विद्यार्थ्याचं निघालं. थोड्या कमिशनसाठी त्यानं ते 'वापरायला' दिलं होतं. आता त्याचं खातं बंद आणि चौकशीही त्याचीच. मला त्याची कीव यायला बरेच दिवस लागले.

पोलिसांकडे पहिल्यांदा एकटी गेले. "आधी बघायचं नाही का?" एवढं ऐकून तक्रार न देताच परतले. दुसऱ्या वेळी कॉलेजच्या समुपदेशक मॅडम सोबत आल्या. त्यांनी मला उपदेश केला नाही, कागद दिला. कोणता नंबर, किती वाजता, किती रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, सगळं क्रमानं लिहून घेतलं. पुसलेल्या चॅटमधलं थोडं मैत्रिणीकडे सापडलं, कारण खोलीचे फोटो मी तिला कौतुकानं पाठवले होते. तो कागद पुढे ठेवल्यावर 'का केलंस' कोणी विचारलं नाही. तक्रारीची प्रत हट्टानं मागून घ्या. पुढे जाल तिथे तिचा क्रमांक विचारतात.

आणि हो, आठवड्याभरात एका 'सायबर तज्ज्ञा'चा मेसेज आला. गेलेले पैसे काढून देतो, फी आधी. मदत मागत मी ग्रुपवर सगळं लिहिलं होतं, तेच वाचून तो आला असणार. मी फी भरायला निघालेच होते, मैत्रिणीनं फोन हिसकावून घेतला.

फोटो टाकून शोधण्याची सोय गूगलवर २०११ पासून आहे, मी ती सगळं झाल्यावर वापरली. तीच खोली आणखी दोन शहरांच्या जाहिरातींत होती, एकीत डावं-उजवं उलटवून. खोली बघायला जाणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉल लावा आणि सांगा, नळ सोडून दाखवा, खिडकी उघडा. ओळखपत्राच्या प्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी, मजकुरावरूनच लिहा. कोऱ्या प्रतीचं काय होतं ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

अनोळखी नंबर. पलीकडे एक मुलगी रडत ओरडत होती. "खोली कुठेय? तुमचं ओळखपत्र आहे माझ्याकडे, सेल्फीपण आहे. सोडणार नाही तुम्हाला!" मला एकदम 'काकूं'च्या ओळखपत्रावरचा चेहरा आठवला. चार महिने मी त्याच चेहऱ्याला शिव्या घालत होते.

"पैसे कधी पाठवलेस?" मी विचारलं.

"आत्ताच. अर्धा तास झाला."

"मग फोन ठेव आणि आधी बँकेला लाव. मला शिव्या नंतर दे."