कोकणातल्या घरात कोणता रेडिओ घ्यावा: एफएम, डीआरएम, मोबाइल की डिश?

गावच्या घरी आईवडिलांसाठी रेडिओ न्यायचा असेल, तर आधी घर कुठे आहे ते बघा. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वाडी डोंगराच्या कुशीत असली, मधे एखादा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आडवा आला, की खरखर सुरू. मीडियम वेव्ह, म्हणजे जुन्या रेडिओवरचा एएमचा पट्टा, मात्र जमिनीला धरून जाते आणि खाऱ्या पाण्यावरून तर फारच लांब पोचते. दर्याकडे तोंड असलेल्या घराला हा मोठा फायदा आहे.

आपल्याकडचा डिजिटल रेडिओ म्हणजे डीआरएम (डिजिटल रेडिओ मॉन्डियाल), आणि आकाशवाणीने तो मुख्यतः मीडियम वेव्हवरच आणला. कोकणपट्टीच्या दोन बाजूंना, मुंबईला आणि पणजीला, तसे प्रक्षेपक बसवले. यात आवाजाचे आकडे करून ते दोनशेच्या आसपास बारीक वाहक लहरींवर वाटून पाठवतात, सोबत दुरुस्तीपुरती जादा माहितीही असते. वाटेत काही हरवलं तरी सेट ते भरून काढतो. आवाज स्वच्छ येतो, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन कार्यक्रम बसतात, पडद्यावर बातम्यांच्या ओळीही दिसू शकतात. पण सिग्नल एका मर्यादेखाली गेला की आवाज तुटतो आणि थेट बंद पडतो. जुन्या ट्रान्झिस्टरवर निदान खरखरीतून बातमी कळते. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा त्रासही मीडियम वेव्हला जास्त. पत्र्याखाली न ठेवता सेट पडवीत आणून हळूहळू गोल फिरवावा. आतली एरियल दिशेप्रमाणे पकडते.

मोबाइलवर आकाशवाणीचं ॲप सगळ्यात सोपं. ६४ केबीपीएसने तासाला जेमतेम २९ एमबी जातात. रेंज चांगली असेल तर रोजच्या ऐकण्याला दुसरं काही नको. डीडी फ्री डिशवर महिन्याचे पैसे न भरता आकाशवाणीच्या वाहिन्या मिळतात, पण टीव्ही चालू ठेवावा लागतो आणि आषाढातल्या मुसळधार सरीत चित्रासकट आवाजही जातो.

माझा कौल मात्र वादळाकडे बघून आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर बंद पडले, कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वेळी सेलवर चालणारा, एफएम आणि मीडियम वेव्ह दोन्ही असलेला साधा ट्रान्झिस्टर घरात हवाच. तो आधी घ्या.

डीआरएमचा सेट त्याच्या कैक पट महाग, बॅटरीही जास्त खातो. शिवाय आकाशवाणीने देशात बरेच मीडियम वेव्ह प्रक्षेपक बंद केले आहेत, म्हणून पारखल्याशिवाय पैसे घालू नका. मारुती, ह्युंदाईच्या काही गाड्यांत डीआरएम बसवूनच येतो. अशी गाडी ओळखीत असेल तर ती खळ्यापाशी उभी करा, इंजिन बंद करा, आणि दुपारी व रात्री दोन्ही वेळा लावून बघा. रात्री दूरची केंद्रं आकाशातून परतून मधे घुसतात, त्यामुळे नुसत्या दुपारच्या चाचणीवर सेट घेऊ नये.