कृतज्ञता डायरी: घ्यावी का?

पाचपैकी तीन स्टार देतेय, आणि त्यातले दोन एकट्या 'आज कोणाला मदत केली' या ओळीचे आहेत.

नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या स्टेशनरीवाल्याकडून साडेतीनशेला घेतली, जाड पुठ्ठ्याचं कव्हर, रिबीन वगैरे एकदम मस्त. प्रत्येक दिवसाला एक पान, वर तारीख, मग 'आज मी कशासाठी आभारी आहे' याच्या तीन ओळी, मग 'आज कोणाला मदत केली' याची एकच ओळ आणि तळाला सुविचार, म्हणजे फॅमिली ग्रुपवर सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोसकट येतात ना, तेच.

कागद पातळ आहे, जेल पेनने लिहिलं की मागे उमटतं, बॉलपेनच वापरा. पण खरा वैताग छापलेल्या तारखांचा. मधे चार दिवस राहिले की कोरी पानं बघून गृहपाठ न केलेल्या पोरासारखं वाटतं, आता सुखासाठी घेतलेल्या वहीनेच टेन्शन द्यायचं म्हटल्यावर काय बोलणार!

त्या तीन ओळींचं म्हणाल तर सुरुवातीला मजा येते, मग रोज तेच, घर, तब्येत, नोकरी. आणि रोज लिहायची गरजही नाहीये. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा 2003 चा अभ्यास या विषयात सगळे सांगतात, त्यातल्या पहिल्या प्रयोगात एका गटाने आभाराच्या, दुसऱ्याने कटकटीच्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या गोष्टी लिहिल्या, तेही आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच. आभारवाले आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाले. पुढे मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्कींच्या प्रयोगात तर आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फरक पडला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. म्हणून आभाराच्या ओळी मी आता रविवारीच लिहिते आणि नेमकं लिहिते, म्हणजे 'तब्येत' नाही, तर गंगापूर रोडला गाडी पंक्चर झाली तेव्हा भेळवाल्या काकांनी गिऱ्हाईक थांबवून ढकलायला हात लावला, असं. हे लिहिताना ते काका परत डोळ्यासमोर येतात, 'तब्येत' लिहून काहीच येत नाही.

आता ती मदतीची ओळ. ती रात्री रिकामी दिसली की दुसऱ्या दिवशी आपोआप आजूबाजूला बघितलं जातं. माझं ऑफिस सिव्हिल हॉस्पिटलजवळ, तिथे सुरगाणा, पेठकडनं आलेली माणसं केसपेपर हातात धरून कुठे जायचं म्हणून उभी असतात, आधी मी बाजूने निघून जायचे, आता विचारते आणि एक्सरेपर्यंत सोडून येते, पाच मिनिटं जातात फार तर. दिवसभर डोकं हलकं राहतं, खरंच. पैशांचंही असंच आहे म्हणे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये लोकांना पाच किंवा वीस डॉलर देऊन काहींना स्वतःवर, काहींना दुसऱ्यावर खर्च करायला सांगितलं, संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नाही. म्हणजे वॉचमनकाकांना एक कटिंग पाजला तरी चालतं. (थंडीत रामकुंडावर ब्लँकेट देताना घेणाऱ्याच्या तोंडावर मोबाईल धरणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.)

सासूबाईंनी डायरी चाळली आणि म्हणाल्या, "अगं, माझ्या गुडघ्याला रोज तेल लावतेस ते कुठे लिहिलंयस? बाहेरच्यांचंच सगळं." मुद्दा बरोबर आहे, पण एका ओळीत मावणार किती, निम्मं पान तर सुविचाराने खाल्लंय.

गिफ्ट द्यायला चांगली आहे, कव्हरवर कोणीही खूश होईल. स्वतःसाठी हवी असेल तर शंभर पानी वही घ्या आणि पानाच्या मधोमध रेघ मारा, वर आभार, खाली मदत, तेवढंच काम होतं. कंपनीवाले वाचत असतील तर तारखा काढा, सुविचार काढा, मदतीला चार ओळी द्या, चौथा स्टार लगेच देते.